प्रणालीला सोडून सगळ्यांना विचारलं

अमरावती,
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस,
ज्योत्स्नाताईचे अनेक उ. आ.

मी काल दुपारच्या एसटीने सुखरूप पोचले. तू दिलेल्या चकल्या मात्र पोचल्या नाहीत. दर्यापूरपासून शेजारच्या बाईंची नात डब्याकडे बघत होती, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे.

पत्र पाहून घाबरू नकोस. फोन सोडून पत्र का, तर तुमच्याकडे फोन केला की तो आधी आई घेते, मग स्पीकर लावते, मग अख्खा ओटा ऐकतो. मला जे विचारायचं आहे ते ओट्याला विचारायचं नाही.

तुझ्या प्रणालीला काय होतंय? भाऊबीजेच्या जेवणात पोर पाटावर एका बाजूला कलून बसली होती. सारखी उठून मोरीत जायची आणि परत यायची ती डोळ्यांत पाणी घेऊन. माझ्या अंथरुणात झोपायला आली तर झोपेतही खाजवत होती. आणि तिच्या अंगाला वास कसला, तर दवाखान्याच्या फरशीचा.

आईला विचारलं, तर आई म्हणाली उष्णता. माझ्या जन्मापासून आमच्या घरात हा एकच आजार आहे. मला गोवर आला ती उष्णता, तुझ्या नवऱ्याची, जीवनची, दाढ दुखली ती उष्णता, बाबा गेले तेव्हासुद्धा डॉक्टर हृदय म्हणत होते आणि आई उष्णता. तुला विचारलं तर तू मान खाली घालून पोळ्या लाटत राहिलीस. म्हणून आता लेखी विचारते. नऊ वर्षांच्या पोरीला काय होतंय, कधीपासून, आणि कोणत्या डॉक्टरला दाखवलं? सरळ लिही. पत्ता पाकिटावर मागे घातला आहे, म्हणजे हरवला असं सांगता येणार नाही.

जीवनला आशीर्वाद. तुझ्यावर राग नाही. उत्तर आलं नाही तर मात्र येईल.

तुझी,
ज्योत्स्नाताई


टाकळी, ता. दर्यापूर,
१३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ज्योत्स्नाताईंना,
गीतांजलीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमननं नेमकं आईंच्या हातात दिलं. कायचं पत्र म्हणून विचारलं, तर मी म्हटलं ताईंनी स्वेटरचे टाके लिहून पाठवले. आता मले एक स्वेटर विणावा लागन. तुमच्यामुळं.

तुमी सरळ विचारलं म्हणून सरळ लिहून राहिली. प्रणालीले बैलपोळ्याच्या सणापासून खालच्या अंगाले खाज आहे. दिवसा कमी, रातच्याले जास्त. मी आईंना सांगितलं. त्यायनं पयले तुरटीचं पाणी केलं, मग कडुलिंबाचं, मग जखमेवर लावाचं जंतुनाशक आणलं. सुरुवातीले टोपणभर टाकत होत्या, आता अंदाजानं टाकतात. पोट्टी रडते, मिरची लावल्यासारखं होते म्हणते. आई म्हणतात, झोंबलं म्हणजे औषध लागू पडून राहिलं. आणि वरून तिले दटावतात, हे बाहेर कोणापाशी बोलाचं नाही, पोरीच्या जातीनं असं बोलाचं नसते.

डॉक्टरचं विचारलं. गावातल्या डॉक्टरनं न पाहताच गोळ्या दिल्या. त्यानं पाहतो म्हटलं असतं तर मीच पाहू दिलं नसतं, हेबी खरं. गोळ्यायनं दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

शाळेचं वेगळंच. दर्यापूरच्या तिच्या शाळेत पोरींच्या संडासाले कुलूप आहे, चाबी मोठ्या सरांपाशी. सरांना चाबी मागाची हिंमत चौथीतल्या पोट्टीले कुठून येणार? मग सकाळपासून पाणीच पेत नाही. संध्याकाळी खुशालरावांच्या ऑटोतून उतरली की दप्तरासहित मोरीत पळते. हा खुशालराव तुमाले माहीत आहे, गावातल्या पोरी शाळेत नेतो-आणतो तो.

अमरावतीले दाखवू म्हटलं, तर आई म्हणतात, तिथल्या दवाखान्यात अर्धं दर्यापूर बसलेलं असते, उद्या पोरीचं लग्न कोण जमवन? नऊ वर्षांची आहे, ताई. मी काय बोलू? तुमच्या भावाले सांगितलं, तर हे म्हणाले बायकांचं आहे, आईले विचार. आईनं उष्णता सांगितली. झालं.

आणि एक मलेच विचाराचं आहे, रागावू नका. डॉक्टरनं तपासलं तर पोरीले आतून काही होते का? शेजारची माणिकबाई म्हणत होती का एकदा तपासलं म्हणजे पोरगी पोरगी राहत नाही.

तब्येत सांभाळा. मायेत अंतर पडू देऊ नका, बोलणी मात्र जरा जपून लिहा, पोस्टमन आईंचा लाडका आहे.

तुमची,
गीतांजली


अमरावती,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस,
अनेक उ. आ.

जपून लिहू? बरं. अत्यंत जपून लिहिते की तुम्ही सगळे मिळून त्या पोरीला भाजताय.

मी गणिताची मास्तरीण, डॉक्टर नाही. पण आमच्या शाळेत मुलींना तपासायला दरवर्षी एक डॉक्टरीणबाई येतात, त्यांना नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, लहान मुलींची तिथली कातडी मोठ्या बायकांसारखी नसते, पातळ असते, पापणीसारखी. तिथे साबण नको, तुरटी नको, जंतुनाशक तर मुळीच नको. नुसतं कोमट पाणी, सैल सुती चड्डी, आणि संडासहून आल्यावर पुढून मागे धुवायचं, मागून पुढे नाही. रात्री खाज जास्त म्हणजे बहुतेक जंत. ते रात्री बाहेर येतात आणि पोरीला खाजवून खाजवून फोड येतात. जंताची गोळी घ्यायची, आणि ती घरातल्या सगळ्यांनी. आईनेसुद्धा. आईला सांग की ज्योत्स्नाने सांगितलं. नाहीतर राहू दे, नको सांगूस, चहात घाल.

चहात घालू नकोस. चिडून लिहिलं.

पण हे मी ऐकीव सांगते आहे. पोरीला कोणीतरी शिकलेल्या बाईने डोळ्यांनी पाहायला हवं. आणि तपासण्याने काही होत नाही, गीतांजली. लहान मुलीला फक्त बाहेरून बघतात, आईच्या मांडीवर बसवून. माणिकबाईंनी कुठल्या कॉलेजात वैद्यकी केली ते एकदा विचारून ठेव.

चाबीचं मात्र मला नवीन नाही. शाळेत संडास बांधायचा, उद्घाटनाला फोटो काढायचा आणि मग कुलूप लावायचं. आमच्याकडेही हेच होतं. मी भांडून उघडायला लावलं तेव्हा मला म्हणाले, बाई, मुली घाण करतात. मग मुलं काय अत्तर शिंपडतात?

जंतुनाशकाची बाटली आज ओतून टाक. आईने विचारलं तर सांडली म्हण.

रागातही माया तेवढीच, हे तुला सांगायला नको.

तुझी,
ज्योत्स्नाताई


टाकळी,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. ज्योत्स्नाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

बाटली सांडली. आईनं दुसरी आणली.

ताई, आता गोष्ट त्याच्या फार पुढं गेली आहे. दहा-बारा दिवसांपासून प्रणालीच्या कपड्याले पिवळट पाणी लागून राहिलं. वास येते. आणि मागच्या गुरुवारी त्याच्यात रक्ताचे ठिपके दिसले. मी आईंना दाखवलं, हेच माझं चुकलं. आई म्हणाल्या, पोरगी न्हाती झाली. नवव्या वर्षी! तिले मधल्या खोलीत एका बाजूले बसवलं. तिथं औंदाचा कापूस आढ्यापर्यंत भरला आहे, त्या ढिगाच्या पायथ्याशी पोट्टी पुस्तक घेऊन बसून राहिली. काहून बसवलं, हे तिले कोणी सांगितलं नाही.

चार दिवसांनी थांबाचं, ते थांबलं नाही. मग आई घाबरल्या. त्यायनं माणिकबाईच्या कानात सांगितलं. माणिकबाईनं गिरणीवर सांगितलं. गिरणीवर कोणीतरी म्हटलं का पोट्टी रोज कोणाच्या गाडीत जाते ते पाहा. बस. संध्याकाळपर्यंत गावात खुशालरावाचं नाव झालं. हे वावरातून आले ते ऐकूनच आले. त्यायनं खुशालरावाचा ऑटो चौकात अडवला आणि चार लोकांच्या देखत म्हणाले, उद्यापासून माह्या पोरीले न्याचं नाही. कारण विचारलं तर सांगितलं नाही. कारण न सांगणं हे सांगण्याहून वाईट झालं. दुसऱ्या दिवशी बाकीच्यायनंबी आपापल्या पोरी काढून घेतल्या. खुशालरावाचा ऑटो आता त्याच्या दारात उभा आहे. त्याची बायको पाण्याले येते, तर बाया बाजूले सरकतात.

आणि मले खरं माहीत नाही, ताई. हेच मले खाऊन राहिलं. तो माणूस चांगला आहे असं वाटते, पण वाटून काय होते? खरंच काही झालं असन तर? दुसऱ्या कोणी काही केलं असन तर? मी तीनदा प्रणालीले जवळ घेतलं विचाराले. पण कोणत्या शब्दांत विचारू? ती माह्या तोंडाकडे पाहते आणि तिले वाटते मी रागावली. शाळा बंद आहे. पाणी आता घरीबी पेत नाही. काल मी तांब्या तोंडाले लावला तर दात आवळून बसली.

मी काय करू ते सांगा. रागावून सांगा, पण सांगा.

तुमची,
गीतांजली


अमरावती,
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस,
उ. आ.

रागवायलाही वेळ नाही. हे पत्र मंगळवारपर्यंत पोचेल, त्याच दिवशी मी फोन करीन. आई स्पीकर लावेल. मी मोठ्याने सांगेन की तुझ्या बहिणीचं, आरतीचं, अकोल्याला गुरुवारी डोहाळजेवण आहे, मलाही बोलावलं आहे, तू प्रणालीला घेऊन ये. आरतीला सातवा लागलाय हे खरं आहे, कार्यक्रम खोटा आहे. तिच्याशी बोलून झालं. तिने ज्यांच्याकडे बाळंतपणासाठी नाव घातलंय त्याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. अकोल्यात टाकळीचं कोणी नसेल, आईची तीही काळजी मिटली.

बुधवारी अकोटला माहेरी मुक्काम कर, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. गुरुवारी सकाळी अकोल्याच्या स्टँडवर मी उभी असेन. तोवर तिथे कुठलंही पाणी, पाला, औषध लावू द्यायचं नाही. आईने हात लावला तर तू मधे उभी राहा. घाबरलीस तरी राहा.

आणि पोरीला काही विचारू नकोस आता. रडत विचारलं तर ती तुझं रडणं थांबवायला काहीतरी उत्तर देईल. ज्यांना विचारता येतं त्यांना विचारू दे.

तुझी,
ज्योत्स्नाताई


अमरावती,
७ डिसेंबर २०२४

चि. जीवन यास,
ज्योत्स्नाताईचे आशीर्वाद.

फोनवर तू आईला देतो म्हणून सुटतोस, म्हणून हे पत्र तुझ्या नावाने आहे. बायकांचं आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. तुझ्या लेकीचं आहे. बसून वाच.

अकोल्याला डोहाळजेवण नव्हतं. आम्ही प्रणालीला लेडी डॉक्टरकडे नेलं. चिडायचं असेल तर आत्ता चिडून घे, पुढे वेळ मिळणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी गीतांजलीकडून सगळं ऐकून घेतलं. तुरटी, कडुलिंब, जंतुनाशक, गोळ्या. मग आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं. आत फक्त त्या, त्यांची सिस्टर आणि प्रणाली. गीतांजली बाहेरच्या बाकावर माझा हात धरून बसली होती, अजून निळा आहे. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. आतून एकदा प्रणालीच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा तुझी बायको रडायला लागली.

बाईंनी तिला साध्या शब्दांत विचारलं की तुझ्या लघवीच्या जागेला कोणी हात लावला का, कोणी दुखवलं का, कोणी काही लपवून ठेवायला सांगितलं का. पोरीने सरळ सांगितलं. हात आजी लावते, धुताना. दुखवते आजीच. आणि कोणाला सांगू नको म्हणून आजीनेच बजावलं आहे. दुसरं कोणी नाही. खुशालकाकांबद्दल विचारलं, तर म्हणाली ते चांगले आहेत, उतरायच्या आधीच दप्तर हातात काढून देतात, मला घाई असते ते त्यांना माहीत आहे.

मग तिने एक सांगितलं जे तुम्ही कोणी तिला विचारलंच नव्हतं. आजीच्या त्या औषधाने आग व्हायची. मधल्या खोलीत कापूस आलेला. पोरीला तो गार आणि मऊ वाटला. तिने बोंडातला कापूस काढून तिथे ठेवला, बरं वाटलं. मग थोडा आत सरकवला, आणखी बरं वाटलं. मग त्यातला काही निघेना. त्यानंतर ते पिवळं पाणी आणि रक्त सुरू झालं. बाई म्हणाल्या, लहान मुलींना असा घाण वासाचा, रक्ताचा स्राव झाला की आत काही अडकलंय का हे आम्ही आधी बघतो. पाळी नाही, काही नाही.

तुझी लेक पाणी का पीत नव्हती माहीत आहे? तिला वाटत होतं की कापसात एखादी सरकी राहिली असेल, आणि पाणी प्यायलं तर पोटात कापसाची पऱ्हाटी उगवेल. हे ती पोर इतके दिवस एकटी मनात घेऊन त्याच ढिगापाशी बसली होती, आणि बाहेर तुम्ही गाव पेटवत होता.

बाईंनी थोडं गुंगीचं औषध देऊन कोमट सलाईनच्या धारेने तो कापूस काढला. बोटाच्या पेराएवढा बोळा निघाला. प्रणाली जागी झाल्यावर सिस्टरने उलगडून दाखवला, सरकी नव्हती. मग ती दोन ग्लास पाणी प्यायली आणि तिसरा मागितला. आत काही फाटलं नाही, बिघडलं नाही, पुढे लग्नाला, मुलाबाळांना काही होणार नाही. बाईंनी हे मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. शिकलेली असून मीही विचारलं. जंताच्या गोळ्या सगळ्या घरासाठी दिल्या आहेत. आणखी एक औषध आठवडाभर.

जाताना मी म्हटलं की सुटलो, संशय खोटा निघाला. त्यावर बाई माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, संशय आला तर विचारायलाच हवं, मी प्रत्येक मुलीला विचारते. तिने हो म्हटलं असतं तर मी पोलिसांना कळवलं असतं, तुम्ही पाया पडलात तरी. पण विचारायचं ते मुलीला, आणि शांतपणे. तुम्ही गिरणीला विचारलंत.

जीवन, तू खुशालरावाला चौकात अडवलंस. आता काय करायचं ते मी लिहीत नाही. तुला कळतं. हे पत्र आईला वाचून दाखव, आजीचं नाव आहे तेही गाळू नकोस. मला आईवर दया येते आणि राग येतो, आणि कोणतं आधी येतं ते मला सांगता येत नाही.

तुझी बहीण असण्याचा कंटाळा अजून आला नाही, म्हणून
तुझीच,
ज्योत्स्नाताई


टाकळी,
१६ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
जीवनचा सा. न.

मले पत्र लिहिता येत नाही, तुले माहीत आहे. शाळेतबी निबंध तूच लिहून देत होती. पण फोनवर बोलाले गेलो तर अख्खा ओटा ऐकते.

पत्र आईले वाचून दाखवलं. सरकीपाशी आलो आणि मलेच पुढं वाचता येईना, मग गीतांजलीनं वाचलं. आई उठून न्हाणीत गेली, बाटली आणली अन् उकिरड्यावर रिकामी केली. त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं जेव, तर माह्यावरच खेकसली का तू कोण सांगणारा, बायकोनं तुले सांगितलं अन् तू आईले विचार म्हटलं, तुले बाप कोणी केलं.

खुशालरावाकडे गेलो. एकटाच गेलो. तो ऑटोची सीट काढून धुवून राहिला होता. मी म्हटलं चुकी झाली, पोरीचं असं असं होतं, तुह्यं काही नव्हतं. तो म्हणाला, मले माहीत होतं माह्यं काही नव्हतं. मी म्हटलं, सोमवारपासून पोरीले नेजो. तर नाही म्हणाला. म्हणे, जीवनभाऊ, आता मी पोरी नेत नाही. उद्या कोण्या पोरीचं पोट दुखलं तर तुमी लोक पुन्हा माह्याकडेच पाहसान. मले दोन लेकी आहेत, त्याईले शाळेत पोरी विचारतात. म्हणे, तू चौकात बोलला आणि माफी अंगणात मागाले आला.

मी उठून आलो. त्याचं खरं आहे, ताई. पण चौकात काय बोलू? पोरीच्या जागेचं नाव घेऊ का चार लोकांत? मले ते होत नाही. तू रागवशीन, रागव.

प्रणाली बरी आहे. मी गाडीवर शाळेत सोडतो. रस्त्यानं सारखी बोलते. इतकं बोलते हे मले माहीत नव्हतं.

तुह्या भावावर थोडीफार माया ठेवजो.

जीवन


टाकळी,
२० जानेवारी २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाताईंना,
गीतांजलीचा शि. सा. न. वि. वि.

तीळगूळ सोबत पाठवला आहे. लाडू जरा कडक झाले, दात सांभाळून. स्वेटर अर्धा झाला. आई रोज विचारतात कोणासाठी, मी म्हटलं तुमच्यासाठीच.

तुमाले यायनं काय लिहिलं ते मी वाचलं. पण त्याच्यानंतर जे झालं ते यायनं कळवलं नसन, म्हणून मी लिहून राहिली.

मागच्या पंधरवड्यात एका सकाळी आईनं ज्वारीचा डबा स्वतः डोक्यावर घेतला. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं झाली त्या गिरणीवर गेल्या नव्हत्या. मी मागून गेली. गिरणीवर गर्दी होती, बायाबी होत्या, माणसंबी. आईनं गिरणीवाल्याले पट्टा बंद कराले लावला. मले वाटलं दळणाच्या नंबरावरून भांडतात. तर मोठ्यानं म्हणाल्या का, ऐका, माह्या नातीले काही झालं नव्हतं, माह्या हातानं झालं. तिले जंत होते, मी औषध टाकून टाकून पोट्टी जाळली, तिनं आग थांबवाले कापूस घातला, अकोल्याच्या डॉक्टरनं काढला. खुशालरावाचं त्याच्यात काही नाही. त्याचं नाव निघालं ते माह्या तोंडानं सुरू झालं. आणि मग त्यायनं त्या जागेचं नावबी घेतलं, ताई, जे आपल्या आजीसासवा घेत होत्या तेच. एक म्हातारा खोकलत बाहेर गेला. आई म्हणाल्या, जा, तू कायले ऐकतं, तू तं आभाळातून पडला.

मले हसूबी आलं आणि जमीन फाटून आत जावं असंबी वाटलं. घरी आल्यावर माह्यावरच ओरडल्या का दळण तिथंच राहिलं, तुह्यं ध्यान कुठं असते!

खुशालरावाले कळलं. त्यानं आईंना रस्त्यात नमस्कार केला म्हणे. पण पोरी नेत नाही तो. आता कापूस वेचणाऱ्या बाया वावरात नेतो. बाकीच्यायनं फार विनवलं, नाही म्हणाला. त्याची बायको माह्याशी बोलते, पयल्यासारखं नाही. मी तिले दोष देत नाही. काही गोष्टी धुवून जात नाहीत, आणि धुवाचं मले आता नावबी नको.

शाळेचं सांगाचं राहिलं. मी आणि दोन बाया सरांकडे गेलो, सोबत हेबी होते. सर म्हणाले चाबी हरवली. मी म्हटलं मग कुलूप तोडा. म्हणाले अर्ज द्या. यायनं, तुमच्या याच भावानं, गाडीच्या डिकीतून पान्हा काढला आणि एका दणक्यात कुलूप तोडलं, मग मास्तरांना म्हणाले अर्ज मागून पाठवतो. चौकात बोलता येत नाही यायले, पण पान्हा चालवता येते. दार आहे, कडी अजून नाही. पोरी एकमेकीसाठी दार धरून उभ्या राहतात.

आता माह्या डोक्याले नवाच ताप. गिरणीच्या दिवसापासून बाया माह्याकडे येऊन राहिल्या. मागच्या दारानं, दुपारी, पदर तोंडावर घेऊन. कोणाची पोरगी बारा वर्षांची, पाळीत ओलंच कापड घेते आणि मांड्यायले चट्टे पडले. कोणाच्या पोरीले लघवीले आग. आधी सोयाबीनचा भाव, मग थंडी, मग नवऱ्याचा खोकला, आणि जाताना उंबऱ्यावर पाय ठेवून हळूच ते. मले इतका राग येते, ताई. मी काय डॉक्टर आहे? मी अकोल्याचा पत्ता देते आणि म्हणते औषध घरचं काही लावू नका. त्या म्हणतात, अकोल्याले कशी नेऊ, घरी काय सांगू? मी म्हटलं डोहाळजेवण सांगा. या गावात आता इतकी डोहाळजेवणं होतीन का कोणी मोजणार नाही.

काल आमच्याकडे हळदीकुंकू होतं. ओसरी बायायनं भरलेली. त्याच्यात कोण यावं, तर माणिकबाई, नातीले घेऊन. नात सहावीत, दुसऱ्या शाळेत, ओठ फुटलेले, चेहरा उतरलेला. माणिकबाईनं वाण घेतलं, बसली, आणि मले कोपराले धरून म्हणे, जराशी बाजूले ये. मी गेली नाही. लय दिवसांचा राग होता, कबूल करते. मी तिथंच बसून पोरीलेच विचारलं, बाई तुले काय होते? माणिकबाई माह्याकडे अशी पाहे जशी मी तिले भर बाजारात उभी केली. पोरगी आजीकडे पाहे, मग माह्याकडे. मग म्हणाली, काकू, मी सकाळपासून पाणी नाही पेत, आमच्या शाळेत संडासाले जाता येत नाही. मग आग होते.

मी प्रणालीले हाक मारली, ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोट्टीनं उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला, हनुवटीवरून गळ्यापर्यंत पाणी. प्रणाली आत जाऊन आणखी एक घेऊन आली. मग थोडा वेळ गेला, मी वाणं वाटाले लागली, कोणी उखाणा घेतला, बाया हसाले लागल्या. आणि त्या सगळ्या बायांमधून ती पोरगी उठली आणि मोठ्यानं म्हणाली, काकू, मोरी कुठं आहे?

आई भिंतीले टेकून बसल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, तिचा हात धरला, आणि घेऊन गेल्या.

तुमची,
गीतांजली